पाण्यावरची नक्षी प्लॅस्टिकवर चढते कशी? हायड्रो-डिपिंगची कृती आणि त्यातली जोखीम

हायड्रो-डिपिंगचा एखादा तरी व्हिडिओ तुमच्या नजरेखालून गेला असेल. टाकीतल्या पाण्यावर रंगीत पापुद्रा तरंगत असतो. कुणीतरी गेम कंट्रोलरचं कवच त्यात सावकाश दाबतं. ते बाहेर येतं तेव्हा खाचाखोचांसकट अंगभर लाकडाचे रेषे किंवा कार्बन फायबरची वीण उमटलेली असते. पाहणारा थक्क होतो आणि पुढच्या मिनिटाला त्याच्या मनात येतं, हे तर आपल्यालाही जमेल.

जमतंही. पण त्या दहा सेकंदांच्या आधी झालेली घासपूस आणि नंतरचं तासन्‌तास वाळवणं व्हिडिओतून कापलेलं असतं. बुडवणाऱ्याच्या तोंडावर जाडजूड मास्क होता की नव्हता, हेही कॅमेऱ्यात येत नाही. सगळा खेळ पाण्यात चाललेला दिसतो, त्यामुळे हे काम निरुपद्रवी वाटतं. प्रत्यक्षात हे थिनरचं रंगकाम आहे. पाणी नक्षी वाहून आणतं आणि वस्तूभोवती गुंडाळतं, बाकी सगळं काम रसायनांचं असतं. नक्षी बिघडते तीही बहुतेक वेळा रसायनांपाशी, आणि माणसाला त्रास होतो तोही तिथेच.

पाण्यावर नेमकं काय घडतं

बाजारात मिळणारी नक्षीची फिल्म म्हणजे पीव्हीए, अर्थात पॉलिव्हिनाइल अल्कोहोल नावाच्या, पाण्यात विरघळणाऱ्या प्लॅस्टिकचा पातळ पत्रा. कपडे धुण्याच्या द्रवाच्या ज्या छोट्या पुड्या सबंधच मशीनमध्ये टाकतात, त्यांचं वेष्टन याच पदार्थाचं असतं. या पत्र्यावर छपाईयंत्राने शाईची नक्षी छापलेली असते. पत्रा पाण्यात विरघळतो, शाई विरघळत नाही. सगळी युक्ती या एका फरकात आहे.

साधारण २८ ते ३२ अंश सेल्सिअसच्या पाण्यावर फिल्म अलगद सोडली की ती पाणी पिऊ लागते. आधी सुरकुततात तिच्या कडा, मग ती फुगते, पसरते आणि मिनिटाभरात सपाट, मऊ होते. या घडीला पाण्यावर मऊ पीव्हीए असतं आणि त्याच्या पाठीवर शाईचा कोरडा, ठिसूळ थर. आता वस्तू बुडवली तर शाईचे तुकडे पडतील, ती चिकटणारही नाही.

म्हणून वरून अ‍ॅक्टिव्हेटर फवारतात. हे तीव्र थिनरांचं मिश्रण असतं. टोल्यूइन, झायलीन, मिथाइल इथाइल कीटोन, ब्यूटाइल अ‍ॅसिटेट अशी नावं त्याच्या डब्यावर सापडतात. मिश्रण उत्पादकानुसार बदलतं. अ‍ॅक्टिव्हेटर पडला की शाई पुन्हा द्रवरूप होते. पाच-दहा सेकंदांत फिल्मची मंद, मळकट कांती जाऊन ती ओल्या रंगासारखी चकाकू लागते. ती चकाकी हाच बुडवण्याचा इशारा. हेच थिनर पुढे आणखी एक काम करतं: वस्तूवर आधी दिलेल्या रंगाचा वरचा थर किंचित मऊ करून शाईला त्यात रुतू देतं. शाई पक्की बसते ती यामुळे.

मग वस्तू खाली जाते आणि पाण्याचा दाब तिच्याभोवती शाई सगळ्या बाजूंनी दाबतो. हा दाब पाहायचा असेल तर हातावर पातळ प्लॅस्टिकची पिशवी चढवून हात, पिशवीचं तोंड वर ठेवून, बादलीत बुडवा. पिशवी प्रत्येक बोटाला, बोटांच्या बेचक्यांत जाऊन चिकटते. दहा सेंटिमीटर खोलीवर हा दाब वातावरणाच्या दाबाच्या शंभराव्या हिश्श्याएवढाच असतो. पण तो एकाच वेळी सगळ्या दिशांनी सारखा असतो, आणि ब्रश किंवा स्टिकर जिथे पोहोचत नाही तिथे शाई नेऊन बसवतो.

तरंगत्या रंगाची नक्षी उचलायची कल्पना जुनीच आहे. जपानचं सुमिनागाशी आणि तुर्कस्तानचं एब्रू या कागदावरच्या कला त्यावरच उभ्या आहेत. एब्रूला २०१४ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत जागा मिळाली. कागद रंग शोषून घेतो, त्यामुळे तिथे तीव्र थिनर लागत नाही. प्लॅस्टिक काहीच शोषत नाही. आजच्या औद्योगिक पद्धतीशी जवळचं नातं असलेलं एक अमेरिकी पेटंट जपानच्या मोतोयासु नाकानिशी यांच्या नावावर आहे, त्याचा अर्ज १९८२ चा. पुढे गाड्यांच्या डॅशबोर्डवरची ‘लाकडी’ पट्टी कित्येकदा याच मार्गाने आली.

एक मर्यादा मात्र सुरुवातीपासून आहे. वस्तू खाली जाताना फिल्म ताणली जाते, आणि ती सगळीकडे सारखी ताणली जात नाही. टोकांपाशी नक्षी लांबते, खोलगट भागात आकसते. २०१५ मध्ये चीनचं झेजियांग विद्यापीठ आणि अमेरिकेचं कोलंबिया विद्यापीठ इथल्या संशोधकांनी यावर गणिती तोड काढली. फिल्म कुठे किती ताणली जाईल याचा संगणकावर आधीच हिशेब करून त्यांनी उलट विकृत केलेलं चित्र छापलं, आणि यंत्राच्या हाताने वस्तू अचूक जागी बुडवली. ताणून ते चित्र बरोबर जागेवर बसलं. घरी हे शक्य नाही. त्यामुळे संगमरवर, धूर, पानगळ, गंज अशी बेशिस्त नक्षी निवडावी. चौकडी, अक्षरं आणि चेहरे यांच्या वाटेला जाऊ नये. वाकडी झालेली चौकडी लगेच डोळ्यांत येते, वाकडा धूर कुणालाच कळत नाही.

आधी प्लॅस्टिक ओळखा

सगळी प्लॅस्टिकं सारखी नसतात, आणि हौशी लोकांची नक्षी सोलून निघण्याचं सर्वांत सामान्य कारण हेच असतं. वस्तूच्या तळाशी त्रिकोणी बाणांत एक आकडा असतो, तो पाहा. २ आणि ४ म्हणजे पॉलिथिनचे प्रकार, ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलिन. डबे, बरण्या, झाकणं, बादल्या बहुधा यांच्याच. या दोन्ही कुळांचा पृष्ठभाग रंगाला धरून ठेवत नाही. पाण्याचा थेंब जसा त्यांच्यावरून गोल होऊन ओघळतो तसा रंगही आपलेपणा दाखवत नाही. यांच्यावर आधी अ‍ॅधेजन प्रमोटर नावाचा खास पारदर्शक थर मारावा लागतो. तो मारूनही वाकणाऱ्या, दुमडणाऱ्या झाकणावर नक्षी फार दिवस टिकेल अशी आशा मी धरणार नाही.

एबीएस हे या कामासाठी सर्वांत सोयीचं प्लॅस्टिक. कंट्रोलर, रिमोट, की-बोर्ड, गाड्यांच्या आतले भाग यांत ते सर्रास असतं. त्याच्यावर सहसा ७ हा आकडा असतो, पण ७ म्हणजे ‘इतर सगळी’, तेव्हा तेवढ्यावर विसंबू नका; पुष्कळ वस्तूंवर आतल्या बाजूला ‘एबीएस’ अशी अक्षरं कोरलेली असतात. ६ म्हणजे पॉलिस्टायरिन. त्याला थिनर अक्षरशः खातं, फोमच्या रूपातलं तर डोळ्यांदेखत विरघळतं.

पॉलिकार्बोनेटची गोष्ट जास्त गंभीर आहे. हे प्लॅस्टिक कणखर म्हणून प्रसिद्ध आहे, पण ताणाखाली असताना थिनर लागलं तर त्यात बारीक, कधी कधी न दिसणाऱ्या भेगा पडतात. वरून वस्तू धडधाकट दिसते आणि ऐन वेळी तडकते. पुष्कळ हेल्मेटची कवचं याच प्लॅस्टिकची असतात, आणि हेल्मेट बुडवू नये असं म्हणतात ते म्हणूनच. हेल्मेटची नक्षी हा हायड्रो-डिपिंगचा सर्वांत लोकप्रिय प्रकार आहे, याची मला कल्पना आहे, तरीही माझं मत बदलत नाही. हेल्मेटच्या सोबत येणाऱ्या सूचनांमध्ये रंग, थिनर, स्टिकर लावू नये असं लिहिलेलं असतं ते उगाच नसतं. संरक्षक चष्मा, लहान मुलाची गाडीतली सीट, गिर्यारोहणाचं साहित्य, दम्याचा पंप यांनाही तोच नियम.

तोंडात जाणाऱ्या वस्तूही वगळा. तान्ह्या बाळाची खेळणी, चमचे, ताटल्या यांवर हे काम नको. पाण्याच्या बाटलीला किंवा मगला बाहेरून करायचं असेल तर ओठ लागतो तो काठ दोनेक सेंटिमीटर मास्किंग टेपने झाकून कोरा ठेवा आणि आतल्या बाजूला थेंबही जाऊ देऊ नका.

कंटाळवाणा भाग, म्हणजे खरं काम

वस्तू शक्य तेवढी सुटी करा. बॅटरी, सर्किट, बटणं, रबरी गॅसकेट बाहेर काढा. साबणाच्या पाण्याने धुवा, वाळवा, मग ४०० ते ६०० नंबरच्या वॉटर पेपरने पाणी लावून घासा. चकाकी जाऊन सगळीकडे सारखा मंदपणा आला पाहिजे. चमकणारा ठिपका राहिला तर उद्या नक्षी तिथूनच सुटते. घासल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि त्यानंतर उघड्या बोटांनी हात लावू नका. बोटांचं तेल डोळ्यांना दिसत नाही, रंगाला मात्र बरोबर कळतं.

मग प्रायमर, म्हणजे रंगाला धरून ठेवणारा पहिला थर, आणि त्यावर बेस कोट, म्हणजे नक्षीखालचा रंग. बेस कोटचा रंग निवडताना घाई करू नका. बहुतेक फिल्ममधली शाई अर्धपारदर्शक असते आणि काही भाग तर पूर्ण मोकळे असतात. त्या मोकळ्या जागांतून बेस दिसतो. कार्बन फायबरची तीच फिल्म चंदेरी बेसवर खरीखुरी वाटते, लालवर रेसिंगच्या गाडीसारखी दिसते आणि काळ्यावर जवळपास नाहीशी होते. एखाद्या भंगार तुकड्यावर आधी करून पाहणं यासाठीच.

बेस नीट बसला की नाही हे तपासायची एक साधी चाचणी रंगउद्योगात वापरतात, तिचं प्रमाण आयएसओ २४०९ या नावाने ठरलेलं आहे. त्याच भंगार तुकड्यावर धारदार पात्याने उभ्या-आडव्या बारीक रेषा मारून जाळी करायची, त्यावर चिकटपट्टी घट्ट दाबायची आणि खेचायची. चौकोन पट्टीबरोबर निघून आले तर पुढे जाण्यात अर्थ नाही. वर कितीही सुंदर नक्षी चढवली तरी तीही याच चौकोनांबरोबर निघून येणार.

पोकळ वस्तूची भोकं आतून टेपने बंद करा. नाहीतर बुडवताना आतली हवा बुडबुडे होऊन बाहेर पडते आणि प्रत्येक बुडबुडा नक्षीत एक पांढरं भोक ठेवून जातो. वस्तू धरायला आतल्या बाजूने काठी किंवा हँडल चिकटवा, म्हणजे हात रंगाबाहेर राहतात.

बुडवण्याचा क्षण

टाकी वस्तूपेक्षा खोल हवी, आणि फिल्म वस्तूच्या मापापेक्षा चारही बाजूंनी तीन-चार सेंटिमीटर जास्त. फिल्मच्या कोपऱ्याला ओलसर बोट लावून पाहा: जी बाजू बोटाला चिकटते ती पाण्याकडे, शाईची बाजू वर. एका कडेपासून हळूहळू टेकवत आणा, म्हणजे खाली हवा कोंडत नाही. फिल्मच्या कडांना आधी मास्किंग टेप लावली तर अ‍ॅक्टिव्हेटर पडल्यावर ती वाटेल तशी पसरत नाही. फिल्मच्या पाठीवर पाण्याचा एक थेंबही येऊ देऊ नका.

अ‍ॅक्टिव्हेटर फवारताना हात सतत हलता हवा आणि थर सगळीकडे सारखा, पातळ. कमी पडला तर शाई भेगाळते आणि वस्तूच्या कोपऱ्यांवर फाटते. जास्त पडला तर नक्षी पोहू लागते, रेषा फिसकटतात. पाणी फार गरम असेल तर फिल्म वेळेआधी विरघळते. थंड असेल तर ती ताठ राहते आणि वळणांवर बसत नाही. नवशिक्याच्या पहिल्या फसलेल्या प्रयत्नाचं मूळ साधारण या चारांपैकी एकात सापडतं.

चकाकी आली की वस्तू ३० ते ४५ अंशांच्या कोनात, न थांबता, एका संथ गतीने खाली न्या. सपाट बाजू थेट आडवी टेकवली तर खाली हवा अडकते. पूर्ण बुडाली की पाण्याखालीच थोडी हलवा आणि वर आणण्याआधी पृष्ठभागावरची उरलेली शाई बाजूला सारा. हे विसरलं तर बाहेर येताना दुसरा, चुरगळलेला थर अंगावर चढतो आणि आधीचं सगळं वाया जातं.

बाहेर काढल्यावर वस्तू बुळबुळीत लागते. ते पीव्हीए. कोमट पाण्याच्या सौम्य धारेखाली, न चोळता, बुळबुळीतपणा पूर्ण जाईपर्यंत धुवायचं. अर्धवट धुतलं तर वाळल्यावर पांढुरके डाग दिसतात आणि क्लिअर कोट, म्हणजे शेवटचा पारदर्शक थर, तिथे धरत नाही. मग धूळ नसलेल्या जागी पूर्ण वाळू द्या.

स्प्रे कॅनची पद्धत

फिल्मशिवाय केलं जाणारं घरगुती रूप म्हणजे पाण्यावर थेट स्प्रे पेंट मारणं. यात थिनरवर आधारलेलाच रंग चालतो, तो पाण्यात मिसळत नाही आणि वर पसरतो. एकामागून एक रंग मारले की नवा रंग जुन्याला ढकलतो आणि कडी तयार होतात. काडीने हलकेच ओढलं की संगमरवरी लाटा. पाण्यावर आधारलेला अ‍ॅक्रिलिक रंग इथे उपयोगाचा नाही, तो पाण्यात मिसळून गढूळ होतो. हात चटकन चालवावा लागतो, कारण थोड्याच वेळात वरचा थर सुकून कातडी धरतो आणि मग वस्तूवर सुरकुत्या उमटतात.

या पद्धतीत पाण्यात बोरॅक्स टाकायचा सल्ला खूप फिरतो. तो वाचून कुणी फिल्मच्या टाकीतही बोरॅक्स टाकेल, म्हणून सांगतो: पीव्हीए आणि बोरॅक्स एकत्र आले की रेणूंची जाळी बनून चिकट गोळा तयार होतो. मुलांची स्लाइम नेमकी याच रसायनाने बनते. फिल्म विरघळायची असेल तर टाकीत बोरॅक्स नको.

अ‍ॅक्टिव्हेटर लागत नाही म्हणून ही पद्धत सुरक्षित, असंही कुणी सांगेल. कॅनमध्ये तेच थिनर असतं, शिवाय रंग बाहेर ढकलणारा वायू बहुधा ब्यूटेन किंवा प्रोपेन. स्वयंपाकाच्या सिलिंडरमध्येही मुख्यतः हेच वायू असतात.

वाफ, ठिणगी आणि फुप्फुसं

थिनरच्या वाफेचे दोन धोके आहेत, आग आणि विषबाधा, आणि टाकीची रचनाच दोन्ही वाढवते. टोल्यूइनची वाफ साधारण ४ अंश सेल्सिअसलाच ठिणगीने पेटू शकेल इतकी दाट होते. मिथाइल इथाइल कीटोनसाठी तर शून्याखालचं तापमान पुरतं. आपण ते ३० अंशांच्या पाण्यावर, सबंध टाकीभर पातळ थरात पसरवतो. वाफ वेगाने निघावी यासाठी याहून अनुकूल मांडणी क्वचितच सापडेल.

ही वाफ हवेपेक्षा जड असते. टोल्यूइनची सुमारे तिप्पट, झायलीनची साडेतीनपटीहून जास्त. ती वर उडून खिडकीतून जात नाही. टाकीच्या काठावरून खाली उतरते, जमिनीलगत सरपटत जाते आणि दूरच्या ठिणगीपर्यंत पोहोचू शकते. म्हणून त्याच खोलीत गॅसची शेगडी, पेटता गीझर, उदबत्ती, सिगारेट काहीही नको. पाणी दुसरीकडे तापवून टाकीत ओता. टाकीत विजेची हीटिंग रॉड ठेवून काम करणं म्हणजे ठिणगी आणि शॉक दोन्हींना आमंत्रण.

काम उघड्यावर, छपराखाली, वारा बेताचा असताना करणं सर्वांत बरं. खोलीतच करायचं असेल तर समोरासमोरची दारं-खिडक्या उघडी हवीत. साधा एक्झॉस्ट पंखा लावून वाफ त्यातून खेचायचा मोह होतो, पण त्याच्या मोटरमध्ये ठिणगी पडू शकते. पंखा तुमच्या पाठीमागे दाराजवळ ठेवा, बाहेरची ताजी हवा आत ढकलेल असा. त्याचा झोत थेट टाकीवर नको, नाहीतर फिल्मच सरकेल.

मास्कबाबत सर्वांत जास्त गैरसमज आहेत. कापडी, सर्जिकल किंवा एन९५ मास्क कण अडवतो, वाफ अडवत नाही. ती त्याच्यातून सरळ आत जाते. हवा असतो तो रबरी अर्ध-चेहऱ्याचा रेस्पिरेटर, ज्याला ‘ऑरगॅनिक व्हेपर’साठीचं कार्बन कार्ट्रिज आणि त्यावर कणांसाठीचा फिल्टर असतो. दाढी असेल तर तो नीट बसत नाही आणि कडेने हवा आत येते. घातल्यावरही वास येऊ लागला तर कार्ट्रिज संपलं किंवा मास्क बसला नाही असं समजा. कार्ट्रिज उघडं ठेवलं तर ते कपाटातल्या हवेतही झिजत राहतं, म्हणून हवाबंद पिशवीत ठेवावं. ‘आता वास येत नाही, म्हणजे वाफ गेली’ या समजुतीवरही विसंबू नका. नाक थोड्या वेळात सरावतं. डोकं जड होणं, गरगरणं, मळमळणं यांतलं काही जाणवलं की काम टाकून मोकळ्या हवेत या. गरोदर बाईने या कामाच्या आसपास थांबू नये, टोल्यूइन गर्भाला अपायकारक ठरू शकतं. मुलांना बघायचं असेल तर लांबून, वाऱ्याच्या वरच्या बाजूने.

हातमोजे पातळ नायट्राइलचे चालतात, पण त्यांना अभेद्य समजू नका. कीटोन जातीचं थिनर त्यांतून काही मिनिटांत पार होतं, तेव्हा शिंतोडे पडले की लगेच बदला. लॅटेक्सच्या मोज्यांवरही भरवसा नको. डोळ्यांना कडेने बंद असलेला गॉगल. हाताला लागलेली शाई थिनरने पुसायची सवय सोडा, त्वचेतून तेही शरीरात जातं.

आता क्लिअर कोट. नक्षीवर हा पारदर्शक थर हवाच, नाहीतर नखानेही ती खरवडली जाते. सर्वांत कणखर थर टू-के पॉलियुरेथेनचा, दोन भाग मिसळून होणारा, गाड्यांवर असतो तसा. त्याच्या हार्डनरमध्ये, म्हणजे थर कडक करणाऱ्या दुसऱ्या भागात, आयसोसायनेट नावाची रसायनं असतात आणि या सगळ्या प्रक्रियेतली मला सर्वांत जास्त धास्ती वाटते ती यांची. ते श्वासातून गेले की काहींच्या शरीरात कायमची अ‍ॅलर्जी निर्माण होते. त्यानंतर अगदी नगण्य मात्रेनेही दम्याचा झटका येऊ शकतो. शिवाय अपायकारक पातळीलाही त्यांचा वास जाणवेलच असं नाही, त्यामुळे कार्ट्रिज संपल्याची सूचना नाक देत नाही. व्यवसायात हे थर मारणारे बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क घालून स्प्रे बूथमध्ये काम करतात. युरोपीय संघात २४ ऑगस्ट २०२३ पासून, ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त डायआयसोसायनेट असलेली उत्पादनं व्यवसायात वापरणाऱ्यांना आधी प्रशिक्षण घेणं बंधनकारक आहे. छोट्या कॅनमध्ये मिळणारं टू-के क्लिअरही याच जातीचं असतं, डबा लहान म्हणून रसायन बदलत नाही.

माझा सल्ला सरळ आहे: घरी टू-के मारू नका. शोभेची वस्तू असेल तर हार्डनर न लागणारं साधं अ‍ॅक्रिलिक क्लिअर किंवा पाण्यावर आधारित पॉलियुरेथेन पुरेसं आहे. रोज हाताळायची, ऊन-पाऊस सोसणारी वस्तू असेल तर नक्षीपर्यंतचं काम स्वतः करा आणि शेवटचा थर गाड्या रंगवणाऱ्या, बूथ असलेल्या वर्कशॉपकडून मारून घ्या. कुठलंही क्लिअर असो, पहिले दोन हात अगदी विरळ फवाऱ्याचे हवेत. एकदम ओला थर दिला तर त्यातलं थिनर खालची शाई पुन्हा विरघळवतं आणि नक्षी वाहते. हाताला कोरडं लागलं म्हणजे थर पिकला असं नसतं. पूर्ण कडक व्हायला कित्येक दिवस, कधी आठवडाही लागतो. तोवर वस्तू बंद डब्यात किंवा प्लॅस्टिकच्या वेष्टनात ठेवू नका.

विकत घेताना प्रत्येक रसायनाची सेफ्टी डेटा शीट मागा. जगभर ती एकाच साच्यात असते, १६ भागांची. सगळी वाचायची गरज नाही: भाग २ मध्ये धोके, भाग ८ मध्ये कुठले मोजे आणि कुठला मास्क, भाग १३ मध्ये विल्हेवाट. विक्रेता ती देत नसेल, किंवा बाटलीवर घटकच लिहिलेले नसतील, तर ते अ‍ॅक्टिव्हेटर घेऊ नये.

उरलेलं पाणी

काम संपल्यावर टाकीत विरघळलेलं पीव्हीए, शाईचे तुकडे आणि थोडं थिनर असलेलं पाणी उरतं. ते बेसिनमध्ये, गटारात किंवा झाडांच्या मुळाशी ओतायचं नाही. शाईचे तुकडे पाइपात चिकटून बसतात, आणि थिनर बंद गटारात वाफेच्या रूपाने साठतं. वरची शाई जुन्या वर्तमानपत्राने टिपून घ्या, बाकीचं पाणी दाट कापडातून गाळा. तुकडे मोकळ्या हवेत पूर्ण वाळू द्या. विरघळलेलं पीव्हीए गाळून निघत नाही, त्यामुळे गाळलेलं पाणीही स्वच्छ समजू नका. पुढच्या खेपेला काही वेळा वापरता येतं, नंतर मात्र घातक कचरा स्वीकारणाऱ्या केंद्राकडे द्यावं. थिनरने भिजलेल्या चिंध्या घरच्या कचऱ्याच्या डब्यात कोंबू नका, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात बाहेर ठेवा. रिकामा वाटणाऱ्या स्प्रे कॅनमध्येही थोडा वायू शिल्लक असतो. त्याला भोक पाडू नये आणि तो जाळू नये. उरलेली फिल्म हवाबंद पिशवीत, सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवली तर दमट हवेत ती एकमेकांना चिकटत नाही.